सायट्रिक अ‍ॅसिड सोड्यात मिसळू नका
खाण्याचा सोडा आणि सायट्रिक अ‍ॅसिड एकत्र घालून घासलं की जास्त चकाचक होतं असं कुणी कुणी सांगतं, पण ती दोन्ही एकमेकांना मारतात हो, फेस भरपूर येतो आणि उरतं ते सोडियम सायट्रेटचं पाणी. त्यापेक्षा नुसतं सायट्रिक अ‍ॅसिडच वापरा. किटलीच्या तळाला पांढरा थर बसतो ना, तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, लिटरभर कोमट पाण्यात दोनेक चमचे पावडर विरघळवून अर्धा तास ठेवलं की बारीक बुडबुडे येत येत सुटतो, फारसं घासावंही लागत नाही, मग नीट खळखळून धुवायचं. संगमरवरावर मात्र चुकूनही नको, तोही कॅल्शियम कार्बोनेटच, चकाकीच उडते. आणि ब्लीचबरोबर तर कधीच नाही प्लीज, क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये जिवावर बेतू शकतं.