शेजारचा वाडा पाडतायत, धुळीचं काय करायचं?

माधवी_पेठ
आम्ही शनिवार पेठेत राहतो. खिडकीला लागूनच असलेला दुमजली वाडा पुढच्या आठवड्यात पाडायला घेणार आहेत. सासऱ्यांना दमा आहे. ठेकेदार म्हणतो, "हिरवी जाळी लावतो, पाणी मारतो, काळजी नको." तेवढ्यानं भागतं का?

जुना_मुकादम
नाही भागत, ताई. जाळीनं विटांचे तुकडे अडतात, बारीक धूळ आरपार जाते. आतून गोणपाट बांधायला लावा आणि ते ओलं ठेवायला सांगा.

घणापेक्षा जास्त धूळ माल वरून फेकल्यानं उडते. घाईत अख्खी भिंत लोटून देतात, मग गल्लीभर पांढरं. भिंत वरून थराथरानं उतरवायची आणि राडारोडा घमेल्यांनी खाली आणायचा. मजुरी वाढते, म्हणून ठेकेदार टाळतो. कामाआधीच बोलून घ्या.

पाणीसुद्धा पाइपानं बदाबदा नको. पेठेतल्या वाड्यांच्या भिंती बहुतेक पांढऱ्या मातीत बांधलेल्या. पाणी मुरलं की भसकन बसतात, खाली माणसं असतात. पिकावर औषध मारायचा पाठीवरचा पंप असतो ना, त्यानं घाव पडणार तिथंच फवारायचं. खालच्या ढिगावर मात्र हवं तेवढं मारा, फक्त तुमच्या भिंतीच्या पायाशी साचू देऊ नका.

दादरकर
मुंबईत पालिकेनं २०२३ साली नियमच काढले. एक एकराच्या आतल्या प्लॉटभोवती २५ फूट पत्रे, पाडताना सतत फवारणी, डंपर झाकलेला. पुण्याचा ठेकेदार त्याला बांधील नाही, पण मागणी लेखी द्या. तोंडी सांगितलेलं चहाबरोबर विरतं.

माधवी_पेठ
मागच्या न्हाणीवर जुने सिमेंटचे पत्रे आहेत. तेही घणानं फोडतील?

जुना_मुकादम
अजिबात फोडू देऊ नका! जुन्या सिमेंट पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. फुटले की त्याचे तंतू हवेत जातात आणि छातीत बसले की निघत नाहीत. पत्रे ओले करायचे, हुकांचे नट खोलायचे, अख्खे उतरवून जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळायचे. बाकी राडारोड्यात मिसळायचे नाहीत. नट गंजलेले असतात, ठेकेदार कुरकुर करेल. करू दे. हे काम माहितगार माणसाकडूनच करून घ्या, उचलायला आलेल्या पोरांना लावू नका.

सासऱ्यांना वरचा मजला उतरेपर्यंत नातेवाइकांकडे पाठवता आलं तर बघा. घरीच राहणार असतील तर त्या बाजूच्या खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी लावा आणि झाडू न मारता ओल्या फडक्यानं पुसा. तोंडाला बांधलेल्या रुमालावर विसंबू नका. एन-९५ मास्क त्यांना झेपेल का, ते डॉक्टरांना विचारा.