मदत हवी आहे: यूके केअर व्हिसासाठी 14 लाख मागतायत, कागद खरे आहेत का?

विडीघरकुल:
आतेबहिणीसाठी विचारतोय. सोलापुरात जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालीय. सात रस्त्याजवळचा एक एजंट इंग्लंडात वृद्धाश्रमात 'केअर असिस्टंट' म्हणून लावतो म्हणतोय. एकूण 14 लाख. 5 लाख शनिवारपर्यंत रोख, उरलेले व्हिसा आल्यावर. सीओएसची (स्पॉन्सरशिप प्रमाणपत्राची) पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर आलीय: कामाचा कोड 6135, वर्षाला 25,000 पौंड, खाली कंपनीचा गोल शिक्का आणि सही. कंपनीचं नाव ब्रिटिश सरकारच्या स्पॉन्सर यादीत (परदेशी कामगार आणायचा परवाना असलेल्या कंपन्यांच्या) सापडलं. मूळ पासपोर्ट एजंटानं ठेवून घेतलाय. आत्या पतसंस्थेतून घरावर कर्ज काढायला निघालीय. पैसे द्यायच्या आधी काय तपासू? आणि व्हिसा कायदेशीर असेल तर काळजी नको ना?

कागदतपास:
आधी शनिवारचे 5 लाख थांबवा.

6135 म्हणजे केअर वर्कर. 22 जुलै 2025 पासून या कोडवर परदेशातून नवी भरती बंद आहे. सीनियर केअरचा 6136 सुद्धा बंद. विषय इथेच संपतो, तरी पुढचं वाचा, कारण एजंट उद्या कोड बदलून आणेल.

सीओएस ही ब्रिटिश गृहखात्याच्या संगणकातली नोंद असते, तिला एक क्रमांक असतो. शिक्का लागतच नाही. गोल शिक्का बघून आपल्याकडे विश्वास बसतो, हे बनवणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे. त्या नोंदीची फी एप्रिल 2025 मध्ये 525 पौंड झाली, ती मालकानं भरायची. 31 डिसेंबर 2024 पासून कामगाराकडून वसूल करायलाही मनाई आहे. मग 14 लाख कशाचे, ते लेखी मागा.

यादीत नाव असणं पुरेसं नाही. खऱ्या कंपनीचं नाव उचलून खोटी ऑफर काढतात. कंपनीचा पत्ता-ईमेल स्वतः शोधून विचारा. पीडीएफवरचा ईमेल वापरलात तर उत्तर एजंटाचा माणूसच देईल.

परतीचंतिकीट:
'कायदेशीर व्हिसा म्हणजे काळजी नको' हा समज सगळ्यात महागात पडतो. जुलै 2022 ते डिसेंबर 2024 मध्ये ब्रिटननं केअर क्षेत्रातले 470 हून जास्त स्पॉन्सर परवाने रद्द केले. त्या मालकांकडे 39,000 हून जास्त कामगार होते. परवाना गेला की साधारण 60 दिवसांत नवा स्पॉन्सर शोधा, नाहीतर परत. डोक्यावर घराचं कर्ज असताना माणूस परत येत नाही, मग मिळेल ते सोसतो: ठरलेल्यापेक्षा निम्मे तास, पगारातून मनमानी खोलीभाडं, 'तोंड उघडलंस तर व्हिसा रद्द करीन'. दार बाहेरून बंद करावं लागत नाही.

अमेरिकेतही हेच घडलं. कतरिना वादळानंतर सिग्नल इंटरनॅशनलनं सुमारे 500 भारतीय वेल्डर-पाइपफिटर एच-2बी (तात्पुरत्या कामाच्या) व्हिसावर नेले. ग्रीन कार्डाचं आमिष होतं, भरतीवाल्यांनी माणशी 10,000 डॉलर आणि वर उकळले. 2015 मध्ये न्यू ऑर्लीन्सच्या ज्यूरीनं पाच जणांना 1.4 कोटी डॉलर भरपाई दिली. व्हिसे खरेच होते!

विडीघरकुल:
एजंटाला फोन केला. म्हणाला, 'शेफच्या कोडवर टाकतो, काळजी नको.' 1 लाख यूपीआयनं आधीच गेलेत, पासपोर्टचं टाळतोय.

कागदतपास:
नर्सला शेफ दाखवणं म्हणजे खोटा अर्ज. पकडला गेला तर व्हिसावर 10 वर्षांची बंदी तिच्यावर येते, एजंटावर नाही.

भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचा भरती एजंट परवाना शोधा. 1983 च्या उत्प्रवास कायद्यानुसार परवाना हवाच, देश कुठलाही असो. परवानाधारकालाही जास्तीत जास्त 30,000 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 35,400 रुपये घेता येतात, पावती देऊन. पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता आहे, तो अडवून ठेवायचा अधिकार त्याला नाही. तसं व्हॉट्सअ‍ॅपवरच लिहून मागा, लेखी राहतं. नाही दिला तर शहर पोलिसांत तक्रार आणि मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सना (परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठीचे सरकारी अधिकारी) अर्ज. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम 318. शोषणासाठी फसवून नेल्याचं दिसलं तर 143.

परतीचंतिकीट:
जीएनएम असून केअर असिस्टंट कशाला? नर्सचे कोड (2232 ते 2237) वेगळे आहेत. इंग्रजीची परीक्षा (आयईएलटीएस 7, लेखनात 6.5 चालतात, किंवा ओईटी), मग एनएमसीची (तिथली नर्सिंग परिषद) संगणकावरची परीक्षा सीबीटी, तिथं गेल्यावर प्रात्यक्षिक परीक्षा ओएससीई. वेळ लागतो, पण उमेदवाराकडून नोकरी लावण्याचे पैसे घ्यायला तिथल्या भरती आचारसंहितेत मनाई आहे. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या एनएचएस एम्प्लॉयर्स संस्थेची एथिकल रिक्रूटर यादी बघा.

ओळखीचं कुणी तिथं आधीच अडकलं असेल तर ब्रिटनमधल्या आधुनिक गुलामगिरीविरोधी हेल्पलाइनच्या 08000 121 700 वर तिथल्या फोनवरून कॉल फुकट.

आणि चॅट आजच एक्सपोर्ट करा, यूपीआयचा यूटीआर (व्यवहाराचा) नंबर लिहून ठेवा. एजंट मेसेज 'डिलीट फॉर एव्हरीवन' करायला लागले की उशीर झालेला असतो.