पर्वणीला न येणारे करंटे? अहो, आम्ही इथेच राहतो

पंचवटीची सून

परवा इथे एका गृहस्थांनी लिहिलं, ‘प्रयागच्या कुंभाला जाऊन आलो, आता २०२७ला नाशिकचा. बारा वर्षांनी दारात आलेली पर्वणी सोडून गर्दीच्या नावाने बोटं मोडणाऱ्या नाशिककरांसारखे करंटे तेच.’ खाली हात जोडलेल्यांची रांग. दोन दिवस गप्प बसले. आज मेथी निवडताना पुन्हा आठवलं आणि जुडी तशीच ठेवून लिहायला बसले.

लग्न होऊन पंचवटीत आले १९८९ला. तीन सिंहस्थ, म्हणजे आमच्याकडचे कुंभमेळे, या गच्चीवरून पाहिलेत. आम्ही गोदावरीला गोदावरी म्हणतच नाही, गंगा म्हणतो. बुधवारी ‘गंगेवर जाऊन येते’ म्हणजे बाजारातून भाजी घेऊन येते. पावसाळ्यात दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की गळ्याला लागलं, यावरून आम्ही पूर मोजतो. त्या नदीशी आमचं नातं काय, हे आम्हाला कुणी अंबरनाथहून सांगायचं?

आता तुमची पर्वणी. २९ ऑगस्ट २०१५, पहिलं शाही स्नान आणि त्याच दिवशी राखीपौर्णिमा. भाऊ सिडकोत राहतो, एरवी वीस मिनिटांचं अंतर. सकाळी सातला निघाला. मुंबई नाक्याला बॅरिकेड, द्वारकेला बॅरिकेड, गाडी कुठेतरी लावून चालत रविवार कारंजापर्यंत आला. पावणेदोनला फोन, ‘ताई, होळकर पुलाच्या अलीकडे उभा आहे, पुढे सोडत नाहीत. पेढ्यांचा डबा पोलिसाला देऊ का?’ ओवाळणीचं ताट संध्याकाळी तसंच उचलून ठेवलं. राखी मंगळवारी बांधली.

आणि एवढं करून घाट रिकामा. खालच्या मजल्यावरच्या माणसाने पुरी-भाजीच्या स्टॉलसाठी साठ किलो बटाटे उकडून ठेवले होते. लांबलांबच्या पार्किंगवरून चालत यायचं म्हणून लोक आलेच नाहीत. रात्री अख्ख्या वाड्याने बटाट्याची भाजी खाल्ली, तरी दुसऱ्या दिवशी दोन पातेली गाईंना घातली.

नदीवर प्रेम असेल तर जानेवारीतल्या कुठल्याही मंगळवारी या. पर्वणीला तुम्ही बुडी मारता ते गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी, खाली काँक्रीट. मी त्या दिवशी घरात बसून दोन तांबे जास्त घेईन अंगावर.

अंबरनाथचा वाटसरू

ते गृहस्थ मीच. ‘करंटे’ हा शब्द मागे घेतो. पूर्ण नाही, अर्धा.

ताई, तुमची राखी चुकली याचं वाईट वाटलं. पण माझंही ऐका. २०२५च्या फेब्रुवारीत आईला घेऊन गाडीने प्रयागला निघालो. आई एकाहत्तरची, गुडघे गेलेले. मध्य प्रदेशात कटनीच्या पुढे जी रांग लागली ती लागलीच. रात्रभर गाडी बहुतेक बंदच. डोक्यात नुसता संताप. पहाटे शेजारच्या शेतातून एक म्हातारा कपबश्या आणि किटली घेऊन आला. पैसे विचारले तर म्हणाला, तुम्ही जाताय, मला जमत नाही, माझ्या नावाने एक बुडी मारा. आईने त्याचं नाव विचारून घेतलं. संगमावर अरैलच्या बाजूला पाण्यात उतरली तेव्हा पहिली बुडी त्याच्या नावाने, दुसरी बाबांच्या, तिसरी स्वतःची. पायऱ्या चढताना कण्हणारी बाई वाळूत दीड तास चालली.

हे जानेवारीतल्या मंगळवारी होत नाही. एकट्याने नदीवर जाणं वेगळं आणि सगळ्यांबरोबर जाणं वेगळं. पंढरपूरला चैत्रातही विठोबा असतोच की, मग आषाढीला का चालतात लोक?

हिशेबतपासनीस

आईंना नमस्कार. पण कटनीला गाडी अडकण्याचं कारण नियोजनाचा बोजवारा होतं, त्याला भक्तीची परीक्षा म्हणू नका. म्हाताऱ्याने चहा दिला म्हणून सरकार पास होत नाही.

२९ जानेवारीला, मौनी अमावास्येच्या पहाटे संगमावर ३० माणसं गेली, हा सरकारीच आकडा. १५ फेब्रुवारीला नवी दिल्ली स्टेशनवर १८. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने हरित लवादाला सांगितलं, मेळ्याच्या काळात विष्ठेतले जंतू अंघोळीच्या पाण्याच्या मर्यादेपेक्षा जास्त होते. मर्यादा १०० मिलिलिटरला २५००. वर ६६ कोटींचा आकडा. देशातला जवळजवळ प्रत्येक दुसरा माणूस पंचेचाळीस दिवसांत तिथे जाऊन आला म्हणायचं. माझ्या मजल्यावर चार बिऱ्हाडं, त्यातलं एकही गेलं नाही. मग कुणीतरी आमच्या वाटच्याही बुड्या मारल्या असणार. आणि ‘१४४ वर्षांनी आलेला महाकुंभ’ हे गणित मला कुणी कागदावर मांडून दाखवावं.

अंबरनाथचा वाटसरू

आलात का बाटली घेऊन? आईचं समाधान १०० मिलिलिटरमध्ये मोजणार तुम्ही. नदी वर्षभर घाण असते तेव्हा कुठे असता? हिंदूंचा मेळा आला की बरोबर जंतू दिसायला लागतात.

हिशेबतपासनीस

वर्षभर कुठे असतो? नंदिनीच्या काठावर राहतो. जुने लोक जिला नासर्डी म्हणतात आणि नवे लोक नाला म्हणतात ती. रोज वास घेतो, तक्रारी करून दमलो. आणि धर्माचं सर्टिफिकेट तुमच्याकडून नको, माझी रोजची संध्या चुकत नाही. मला राग येतो तो ‘बारा वर्षांनी एकदा’ या शब्दांचा. बारा वर्षं मिळतात साफ करायला, आणि सुरुवात करतात शेवटच्या सहा महिन्यांत, तीही रंगरंगोटीने.

सराफ बाजार

दोघे भांडताय ते प्रयागवरून. आमच्याकडचं २००३ कुणालाच आठवत नाही? २७ ऑगस्ट, पिठोरी अमावास्या. सरदार चौकाकडून नदीवर उतरणारी गल्ली. ३९ माणसं गेली.

कुणा साधूने चांदीची नाणी उधळली म्हणून झालं, असं तेव्हा छापून आलं. असेलही. पण ती गल्ली ज्याने पाहिली आहे त्याला नाण्यांची गरज वाटणार नाही. उतार, ओली फरशी, मागून रेटा आणि पुढे अडवलेले लोक. मी शटर कमरेपर्यंत वर करून दोन बायकांना हाताला धरून आत ओढलं. एकीच्या मुठीत शेवटपर्यंत प्रसादाच्या फुटाण्यांची पुडी होती, ती सोडेचना. दुपारी गल्ली धुतली, तेव्हा पाण्याबरोबर नुसत्या चपला खाली आल्या.

म्हणून पंचवटीच्या ताईंना एक सांगायचंय. २०१५चे बॅरिकेड मलाही आवडले नाहीत, माझाही तीन दिवस धंदा बुडाला. पण त्या वर्षी माणूस चेंगरला नाही. तुमची राखी तीन दिवस उशिरा बांधली गेली, पण बांधली गेली ना?

पंचवटीची सून

हे वाचून थोडा वेळ काही लिहवलं नाही. बरोबर आहे तुमचं. पण दादा, रिकामा घाट हा काही बंदोबस्त नव्हे. माणसं आलीच नाहीत म्हणून माणसं मेली नाहीत, हे श्रेय कुणाला द्यायचं? दुसऱ्या पर्वणीला अडसर सैल केले, तेव्हा लोक आलेच की, आणि नीट परतही गेले. म्हणजे जमत होतं.

लग्नघर, सातपूर

सगळ्यांचं चालू द्या, मला एक विचारायचंय. मुलीचं लग्न ठरलंय. मुलाकडचे पंचवटीचे. त्यांची आजी म्हणते सिंहस्थात कार्य नाही. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ला आणि पुढे २०२८च्या जुलैपर्यंत सिंहस्थ. मुलगा म्हणतो मी थांबतो. मी थांबू शकत नाही, हॉलचा ॲडव्हान्स दिलाय. हे सिंहस्थात लग्न न करणं नेमकं कुणाला लागू आहे?

त्र्यंबकचे गुरुजी

आधी एक दुरुस्ती. वर सगळे ‘नाशिकचा कुंभ’ लिहिताय. सिंहस्थ त्र्यंबकेश्वरचा. गोदा उगम पावते ब्रह्मगिरीवर, शैव आखाडे न्हातात इथल्या कुशावर्त कुंडावर. वैष्णवांचे तीन अनी, म्हणजे आखाड्यांचे गट, नाशिकला रामकुंडावर जातात, ते पेशवाईतल्या भांडणापासून. निधी येतो तेव्हा नाशिकचा, कचरा उरतो तेव्हा त्र्यंबकचा. असो.

लग्नाचं. गोदावरी आणि भागीरथी यांच्या मधल्या पट्ट्यात सिंहेच्या गुरूत, म्हणजे गुरू सिंह राशीत असताना, विवाह वर्ज्य मानतात. गोदेच्या दक्षिणेला तेवढी सक्ती नाही, तिथे सिंह नवमांशाचा, म्हणजे राशीच्या नऊ भागांतल्या एकाच भागाचा, काळ टाळला की पुरे म्हणणारे बरेच आहेत. ग्रंथांत मतभेद आहेत, घरची चाल पाहावी.

लग्नघर, सातपूर

म्हणजे सातपूर दक्षिणेला, आम्ही मोकळे. पंचवटी पलीकडे, ते बांधलेले. मग लग्न आमच्या बाजूच्या हॉलला लावलं तर चालेल? वरात होळकर पुलावरून यायची.

हिशेबतपासनीस

संध्या करतो म्हटलं म्हणून याही वादात पडतो. नदी रामकुंडाशी दक्षिणेला वळते. म्हणजे तिथे उत्तर तीर, दक्षिण तीर असं काही नाहीच, पूर्व आणि पश्चिम आहेत. पंचवटी पूर्वेला. तुमच्या व्याह्यांना सांगा, शास्त्रात पूर्व तीराबद्दल काही लिहिलेलं नाही.

त्र्यंबकचे गुरुजी

नकाशा घेऊन शास्त्र वाचू नये. डावं तीर ते उत्तर तीर, पुढे राजमहेंद्रीपर्यंत नदी कशीही वळो.

पंचवटीची सून

राहवत नाही म्हणून. माझ्या नणंदेचं लग्न डिसेंबर १९९१मध्ये, भर सिंहस्थात झालं. सासूबाईंनी अशीच युक्ती काढून नाशिकरोडला हॉल घेतला, दक्षिण तीर म्हणून. चौतीस वर्षं झाली. तिची एकच तक्रार आहे, नवरा घोरतो. आता ते सिंह नवमांशामुळे का, ते गुरुजींनी सांगावं.

अंबरनाथचा वाटसरू

धागा पर्वणीचा होता. इथे मंगल कार्यालय उघडलंय.

तपोवनातला फिरस्ता

लग्नाच्या पंगतीत झाडांचंही एक पान वाढा. साधुग्रामसाठी तपोवनातली १८००च्या आसपास झाडं तोडायची म्हणून गेल्या हिवाळ्यात केवढा वाद झाला, त्यावर इथे एक ओळ नाही. मी तिथे रोज सकाळी चालतो. नाव तपोवन आणि पहिली कुऱ्हाड वनावर. साधू झाडाखाली बसले तर त्यांचं काय बिघडतं?

सराफ बाजार

बिघडत काही नाही, पण तिथे रात्री हजारो चुली, कंदील, विजेच्या तारा असतात. तंबूंमधून बंब जायला रस्ता लागतो. थोडी झाडं जातील. सगळी जायची गरज नाही, हे मात्र मान्य.

तपोवनातला फिरस्ता

‘थोडी’ म्हणजे किती ते तुम्ही चांदीसारखं तोळ्यात सांगणार का?

हिशेबतपासनीस

झाडांइतकीच दुसरी काळजी. पहिलं स्नान २ ऑगस्ट २०२७. सोमवती अमावास्या, वर सूर्यग्रहणही त्याच दिवशी. सगळ्या पंचांगवाल्यांच्या तोंडाला पाणी. पण २ ऑगस्ट २०१६ आठवा. सावित्रीवरचा पूल वाहून गेला तो दिवस. इकडे गोदेला पूर आणि रामकुंड पाण्याखाली. प्रयागचा मेळा माघात असतो, नदी खाली उतरलेली, मैलोनमैल वाळू मोकळी. आपला भर पावसाळ्यात, बोळाएवढ्या घाटावर. तिथली गर्दी इथे आणून ओतायची स्वप्नं पाहू नका. दुसरं स्नान ३१ ऑगस्टला, म्हणजे पोळा. शेतकरी बैल सोडून येणार आहे का?

अंबरनाथचा वाटसरू

हा मुद्दा मात्र घेतला. पावसाचं माझ्या डोक्यात नव्हतं, प्रयागची वाळूच डोळ्यांपुढे होती. तरी येणार. आईने तांब्याचा गडू आत्ताच घासून ठेवलाय. पर्वणीच्या दिवशी नाही, आदल्या आठवड्यात येऊ. पुण्य थोडं कमी मिळालं तर तुमच्या बाटलीतून भरून घ्या.

पंचवटीची सून

आदल्या आठवड्यात आलात तर आईंना माझ्याकडे उतरवा. लिफ्ट नाही, पण खोली खालच्या मजल्यावर मिळेल, बटाटेवाला सध्या मुलाकडे पुण्याला असतो. ‘करंटे’चा उरलेला अर्धा शब्द येताना घेऊन या, परत करते.

अंबरनाथचा वाटसरू

आईला विचारून सांगतो. तिला बटाटा चालत नाही, वात आहे.

त्र्यंबकचे गुरुजी

आणि कुशावर्त? तिकडे कुणीच येणार नाही का? बरं. सातपूरकरांनो, नीट ऐका. जानेवारी २०२७च्या अखेरीस गुरू वक्री होऊन कर्केत परत जातो आणि जूनअखेरीस पुन्हा सिंहेत येतो. मधले चार-पाच महिने गुरू सिंहेत नाही. त्यात एखादा मुहूर्त काढा, आजीही राजी होतील.

लग्नघर, सातपूर

गुरुजी, पाया पडतो. लगेच हॉलवाल्याला फोन केला. त्याला हे आधीच माहीत आहे. फेब्रुवारी ते मेचे भाव त्याने दीडपट केलेत आणि दोनच तारखा शिल्लक आहेत, दोन्ही बुधवारच्या. त्या दिवशी गंगेवर बाजार असतो ना? वरातीच्या गाड्या पुलावरून निघतील का, पंचवटीच्या ताई, तेवढं सांगा.