शब्दचर्चा : बोल्शेविक म्हणजे बहुमतवाले, पण बहुमत कुठलं?

शाईदौत : नववीच्या रशियन क्रांतीच्या नोट्स मराठीत उतरवताना काही शब्द अडतात. पहिला प्रश्न सरळ आहे. जवळजवळ प्रत्येक गाइडात ‘बोल्शेविक = बहुमतवाले, मेन्शेविक = अल्पमतवाले’ असं एका ओळीत उरकलेलं असतं. मुलं त्यावरून पुढचं वाक्य स्वतःच जुळवतात : ‘बोल्शेविकांना बहुमत होते म्हणून १९१७ मध्ये ते सत्तेवर आले.’ शब्दार्थ बरोबर धरला तर हे उत्तर चूक कसं म्हणायचं?

तळटीप : शब्दार्थ बरोबर, उत्तर चूक. रशियनमध्ये ‘बोल्शे’ म्हणजे जास्त, त्यावरून ‘बोल्शिन्स्त्वो’ म्हणजे बहुमत आणि बहुमताच्या बाजूचा तो बोल्शेविक. ‘मेन्शे’ म्हणजे कमी, तिथून मेन्शेविक. पण हे बहुमत देशातलं नव्हे, १९०३ सालच्या एका अधिवेशनातलं. रशियन सोशल डेमोक्रॅटिक लेबर पार्टीचं ते दुसरं अधिवेशन. ब्रुसेल्समध्ये सुरू झालं, बेल्जियन पोलिसांचा जाच वाढल्यावर लंडनला हललं.

आकडे बघा. प्रतिनिधी ४३, मतं ५१, कारण काहींकडे दोन मतं होती. वाद पक्षाच्या नियमावलीतल्या पहिल्याच कलमावर पेटला : सभासद कोणाला म्हणायचं? लेनिनचं म्हणणं, पक्षाच्या एखाद्या शाखेत जो स्वतः काम करतो तोच सभासद. पुढे मेन्शेविकांचा पुढारी ठरलेल्या मार्तोवचं म्हणणं, शाखेच्या देखरेखीखाली नियमित मदत करणाराही चालेल. या मतदानात मार्तोव जिंकला, २८ विरुद्ध २२. म्हणजे ज्या मुद्द्यावरून फूट पडली असं मुलं लिहितात, त्या मुद्द्यावर पुढे ‘बहुमतवाले’ म्हणवणारे हरले होते.

मग नाव कुठून आलं? अधिवेशन चालू असतानाच ‘बुंद’ या ज्यू कामगार संघटनेचे पाच आणि ‘अर्थवादी’ (राजकारणाआधी मजुरीच्या लढ्यावर भर देणाऱ्या) गटाचे दोन प्रतिनिधी उठून गेले. ही सातही मतं मार्तोवकडे झुकणारी. उरली ४४. त्यात लेनिनच्या बाजूला २४ आणि मार्तोवच्या बाजूला २०. ‘इस्क्रा’ या मुखपत्राचं संपादकमंडळ आणि मध्यवर्ती समिती यांच्या निवडी या गणितावर झाल्या. चार मतांच्या फरकावर लेनिनच्या गटाने नाव लावलं आणि ते सोडलं नाही. १९१८ मध्ये पक्षाचं नाव कम्युनिस्ट झालं तरी कंसातला ‘बो’ १९५२ पर्यंत अधिकृत नावात होता.

मेन्शेविकांनी ‘अल्पमतवाले’ हे नाव गळ्यात अडकवून घेतलं, हा माझ्या मते राजकारणातल्या सर्वांत महाग गाफीलपणांपैकी एक.

वाळूघड्याळ : तळटीप यांच्या आकड्यांना १९१७ ची जोड देतो, कारण परीक्षेत प्रश्न तिथला असतो. जून १९१७ मध्ये सोव्हिएतांची, म्हणजे कामगार-सैनिकांच्या प्रतिनिधी मंडळांची, पहिली अखिल रशियन परिषद भरली. समाजवादी क्रांतिकारक २८५, मेन्शेविक २४८, बोल्शेविक १०५. इथे ‘बहुमतवाले’ तिसऱ्या क्रमांकावर. सप्टेंबरपर्यंत पेट्रोग्राड आणि मॉस्को या दोन शहरांच्या सोव्हिएतांत मात्र त्यांची सरशी झाली. नोव्हेंबरात संविधान सभेसाठी देशभर मतदान झालं तेव्हा त्यांना सुमारे २४ टक्के मतं पडली, समाजवादी क्रांतिकारकांना ४० टक्क्यांच्या आसपास. ती सभा जानेवारी १९१८ मध्ये एकदाच भरली आणि दुसऱ्या दिवशी बरखास्त झाली.

त्यामुळे उत्तरात ‘बहुमत’ शब्द आला की लगेच ‘कशात’ हे लिहायचं. ‘१९०३ च्या अधिवेशनात अल्प फरकाने’, ‘सप्टेंबर १९१७ मध्ये पेट्रोग्राड सोव्हिएतमध्ये’. नुसतं ‘बहुमत’ लिहिलं की वाक्य खोटं पडतं.

शाईदौत : पटलं. आता ‘समाजवादी क्रांतिकारक’ तुम्ही दोनदा वापरलंत. मुलं हे विशेषण समजतात. ‘समाजवादी क्रांतिकारकांनी सत्ता घेतली’ असं लिहितात आणि त्यांच्या मनात लेनिन असतो.

तळटीप : देवनागरीत मोठं अक्षर नाही, त्याची ही किंमत. रोमन लिपीत पक्षाचं नाव मोठ्या अक्षराने ओळखू येतं, आपल्याकडे विशेषण आणि विशेषनाम सारखंच दिसतं. उपाय एकच : ‘पक्ष’ शब्द जोडायचा किंवा अवतरणात टाकायचं. ‘समाजवादी क्रांतिकारक पक्ष’ हा शेतकऱ्यांमध्ये पाया असलेला, १९०१-०२ च्या सुमारास उभा राहिलेला वेगळा पक्ष. बोल्शेविक हे मूळचे सोशल डेमोक्रॅट. त्याचंही ‘सामाजिक लोकशाहीवादी’ असं भाषांतर केलं की पुन्हा तोच घोळ. पक्षांची नावं भाषांतरित करूच नयेत असं माझं मत.

पाटीपेन्सिल : ‘सोव्हिएत’ आणि ‘दूमा’ (झारच्या काळचं निर्वाचित सभागृह) यांचे मूळ अर्थ एकत्र लक्षात ठेवले तर दोन्ही पक्के बसतात. ‘सव्येत’ म्हणजे सल्ला, मसलत, आणि मसलत करणारं मंडळ. ‘दूमा’ ‘दूमात्’ या क्रियापदाच्या घरातला, म्हणजे विचार करणे. एकीकडे मसलत, एकीकडे विचार.

लेखनाचं : शेवटी ‘त’ हवा, ‘ट’ नको. रशियन त दंत्य आहे, ‘सोव्हिएट’ इंग्रजीमार्गे आलं. ‘ड्यूमा’ही तसंच, ‘दूमा’ लिहा. सामान्यरूप मराठी आकारान्त स्त्रीलिंगी शब्दासारखं : दूमेत, दूमेचे, दूमेला. ‘दूमामध्ये’ वाचताना दात खडखडतात.

वाळूघड्याळ : आणि सोव्हिएतचं लिंग? ‘सोव्हिएत स्थापन झाली’ की ‘झाले’?

पाटीपेन्सिल : दोन्ही छापलेलं दिसतं. मनात ‘सभा’ असेल तर स्त्रीलिंगी, ‘मंडळ’ असेल तर नपुंसकलिंगी. रशियनमध्ये तो पुल्लिंगी आहे, त्याचा आपल्याला उपयोग नाही. मला स्त्रीलिंगी बरं वाटतं. काहीही घ्या, पण एका उत्तरात एकच.

तळटीप : दूमेला ‘संसद’ म्हणण्याबद्दल सावध करायला हवं. पहिली दूमा जुन्या पंचांगाप्रमाणे २७ एप्रिल १९०६ ला भरली. त्याच्या चारच दिवस आधी झारने ‘मूलभूत कायदे’ जाहीर केले होते. मंत्री दूमेला नव्हे, झारला जबाबदार. दूमा भरलेली नसेल तेव्हा कलम ८७ खाली झार वटहुकूम काढू शकत होता. पहिली दूमा अडीच महिन्यांच्या आत बरखास्त, दुसरी १९०७ मध्ये साडेतीन महिन्यांत. त्यानंतर पंतप्रधान स्टोलिपिनने मतदानाचे नियमच बदलले, जमीनदारांचं वजन वाढवलं, आणि मग कुठे तिसरी दूमा १९०७ ते १९१२ अशी पूर्ण मुदत चालली. ‘निर्वाचित सभागृह’ लिहा आणि पुढच्या वाक्यात अधिकार किती तोकडे होते ते सांगा.

सोव्हिएतबद्दलही एक. ‘१९१७ मध्ये सोव्हिएत संघ स्थापन झाला’ ही नेहमीची चूक. १९०५ च्या संपांत सोव्हिएती निघाल्या, १९१७ मध्ये पुन्हा निघाल्या. संघराज्य झालं ३० डिसेंबर १९२२ ला.

शाईदौत : फेब्रुवारी ते ऑक्टोबर १९१७ या काळाला काय म्हणावं? नोट्समध्ये ‘दुहेरी राज्यव्यवस्था’ आढळलं.

वाळूघड्याळ : ते खोडा. मराठी शाळेत ‘दुहेरी राज्यव्यवस्था’ म्हटलं की क्लाइव्हचा १७६५ नंतरचा बंगाल, आणि ‘द्विदल राज्यपद्धती’ म्हटलं की १९१९ च्या कायद्याखालचे प्रांत. दोन्ही ठिकाणी अधिकारांची वाटणी वरून, ठरवून झालेली होती. पेट्रोग्राडमध्ये कोणी काही वाटून दिलं नव्हतं. रशियन शब्द ‘द्वोयेव्लास्तिये’, म्हणजे शब्दशः ‘दोन सत्ता’. ‘दुहेरी सत्ता’ किंवा ‘सत्तेची दोन केंद्रे’ लिहा.

चित्र डोळ्यांपुढे आणायचं तर इमारत एकच, तौरिद राजवाडा. एका बाजूला दूमेतल्या पुढाऱ्यांची समिती, जिच्यातून हंगामी सरकार निघालं. दुसऱ्या बाजूला कामगार आणि सैनिक प्रतिनिधींची पेट्रोग्राड सोव्हिएत. सरकारकडे खुर्ची आणि परदेशांची मान्यता. सोव्हिएतकडे कारखाने, रेल्वे, तारयंत्रं आणि सैनिक. १ मार्चच्या ‘आदेश क्रमांक १’ मध्ये सैनिकांना सांगितलं गेलं की दूमेच्या लष्करी समितीचे हुकूम सोव्हिएतच्या हुकमांशी विसंगत नसतील तरच पाळा. पाच गुणांच्या उत्तरात हा एक आदेश आला तरी ‘दुहेरी सत्ता’ समजली आहे हे दिसतं.

‘हंगामी सरकार’ मात्र चांगला शब्द आहे. आपल्याकडे १९४६ च्या नेहरूंच्या सरकारलाही हाच वापरतात, त्यामुळे साल आणि देश जोडून लिहा. आणि प्रमुख केरेन्स्की हे जुलैपासूनचं. त्याआधी राजपुत्र ल्वोव.

पाटीपेन्सिल : तुमची १ मार्च ही तारीख जुनी की नवी?

वाळूघड्याळ : जुनी, सांगायला हवं होतं. नवी १४ मार्च. इथेच सर्वांत जास्त गुण जातात, म्हणून रीत लिहून ठेवतो. रशियात ज्युलियन पंचांग होतं. विसाव्या शतकातल्या तारखेत १३ दिवस मिळवायचे, एकोणिसाव्या शतकातल्या तारखेत १२. मुलं वजा करतात आणि फेब्रुवारी क्रांती थेट १० फेब्रुवारीला नेऊन ठेवतात.

२३ फेब्रुवारी १९१७ : २३ + १३ = ३६, त्यातून फेब्रुवारीचे २८ गेले, उरले ८. म्हणून ८ मार्च, महिला दिन. २५ ऑक्टोबर : २५ + १३ = ३८, ऑक्टोबरचे ३१ गेले, ७ नोव्हेंबर. भूदासांची मुक्तता १९ फेब्रुवारी १८६१ : इथे १२ मिळवायचे, ३ मार्च. १९१८ मध्ये ३१ जानेवारीच्या दुसऱ्या दिवशी थेट १४ फेब्रुवारी उजाडली. त्यापुढे हिशेब नको.

उत्तराच्या सुरुवातीला ‘तारखा नव्या पंचांगाप्रमाणे’ एवढे शब्द लिहायचे आणि शेवटपर्यंत तेच पाळायचं.

शाईदौत : ‘एप्रिल प्रबंध’?

तळटीप : ‘प्रबंध’ वाचून मुलांना पीएच.डी.चा बाड डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात ते दहा छोटे मुद्दे आहेत, वर्तमानपत्राच्या एका अंकात मावलेले. लेनिन ३ एप्रिलला (नवी १६) पेट्रोग्राडला उतरला, दुसऱ्या दिवशी मुद्दे वाचून दाखवले, ७ एप्रिलला (नवी २०) ‘प्रावदा’त छापून आले. ‘एप्रिल सूत्रे’ म्हणा. युद्ध थांबवा, हंगामी सरकारला पाठिंबा नको, सत्ता सोव्हिएतांकडे, जमिनीचं राष्ट्रीयीकरण, बँकांचं एकत्रीकरण आणि पक्षाचं नाव बदला, एवढे आले की पुरे.

‘शांतता, भाकरी, जमीन’ ही घोषणा मात्र या दहांत याच शब्दांत शोधू नका. तिच्यातला ‘ख्ल्येब’ म्हणजे रोजची पाव-भाकरी, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ धान्य. ‘पाव’ लिहिला की चहाबरोबरचा वाटतो, ‘भाकरी’ योग्य. ‘मीर’ म्हणजे शांतता, आणि गावाच्या जमिनीची वाटणी करणारा शेतकऱ्यांचा समूह तोही ‘मीर’. जुन्या रशियन लिपीत या दोन ‘मीर’चे इकार वेगळे लिहीत, १९१८ च्या लेखनसुधारणेत ते एक झाले. स्टोलिपिनने १९०६ मध्ये ज्या ‘मीर’मधून शेतकऱ्याला बाहेर पडू दिलं तो हा दुसरा.

शाईदौत : शेवटचा, ‘कुलक’. ‘स्टालिनने जमीनदार नष्ट केले’ असं लिहिलेलं चालेल?

पाटीपेन्सिल : नाही. जमीनदारांच्या जमिनी ऑक्टोबर १९१७ च्या जमीनविषयक हुकमानेच गेल्या होत्या. १९२९ मध्ये उरले होते ते शेतकरीच. ‘कुलाक’ म्हणजे आवळलेली मूठ. गावात उसनं देणाऱ्या, मजूर ठेवणाऱ्या सधन शेतकऱ्याला चिडून दिलेलं नाव. (कुलकर्ण्यांशी संबंध नाही, हेही एकदा वर्गात सांगून टाकावं.) पुढे सामूहिकीकरणाला, म्हणजे शेतं एकत्र करून सामूहिक शेत बनवण्याला, विरोध करणारा कोणताही शेतकरी ‘कुलक’ ठरू लागला, अगदी एक गाय जास्त असलेलाही. त्यामुळे ‘श्रीमंत शेतकरी’ लिहून थांबू नका, ‘सरकारने ज्यांना कुलक ठरवले ते’ असं लिहा.

त्याच धड्यात ‘कोलखोज’ आणि ‘सोवखोज’ येतात. कोलखोज म्हणजे सामूहिक शेत, सोवखोज म्हणजे सरकारी शेत. फरक विचारला तर मिळकतीचा सांगा : सोवखोजवर मजुराला पगार, कोलखोजवर सरकारला द्यायचं धान्य देऊन झाल्यावर जे उरेल त्यातला कामाच्या दिवसांप्रमाणे वाटा. काही उरलं नाही तर वाटाही नाही.