आकाशदर्शनाचं वेड: तुमचे अनुभव येऊ द्या

काल रात्री पेठेतला ट्रान्सफॉर्मर उडाला. जेवणं उरकून गच्चीवर गेले, तर पूर्वेला व्याध नुसता लखलखत होता. एकदम १९९७चा हेल-बॉप धूमकेतू आठवला. तेव्हा साताऱ्यातून मार्च-एप्रिलात रोज संध्याकाळी वायव्येला साध्या डोळ्यांनी दिसायचा, शेपटीसकट. आजी म्हणायची, "शेंडेनक्षत्र निघालंय, राजाला घोर." बाबा म्हणायचे, "आता राजे कुठं राहिलेत?" आणि तिलाच कठड्याशी नेऊन दाखवायचे. तिनं चष्मा पुसून पुसून पाहिला होता. तुमचंही सांगा ना.
– गच्चीवाली

आमच्याकडं शेतीची लाईट रात्रीची. उसाला दारं धरत उभं राहायचं, मान वर. या दिवसांत तिकांडं डोक्यावर आलं की बारा वाजले समजायचं, मोबाईल काढायची गरज नाही. तुम्ही ज्याला मृग म्हणता ते.
– कराडकडचा

दादा, उसात बिबट्या नाही का येत??
– सांगलीकर

येतो की. म्हणून तर मोठ्यानं गाणी म्हणतो. तो माझा आवाज ऐकून पळत असणार 😄
– कराडकडचा

आमची म्हातारी सप्तर्षींना बाज म्हणायची. चार खूर आणि मागं तीन चोर. मधल्या चोराशेजारी बारीक चांदणी आहे, ती अरुंधती. ती दिसली की नजर चांगली. माझी दिसायची बंद झाली, मोतीबिंदू निघाला. ऑपरेशननंतर पहिली तीच शोधली!
– वाईकर काकू

काकू 🙏 दुसऱ्या डोळ्याचं झालं का?
– गच्चीवाली

पुढच्या महिन्यात. सून नाचणीची आंबील देते रोज, तिचा डोळ्याशी काय संबंध देव जाणे.
– वाईकर काकू

नवीन मंडळींना सांगतो, एकदम मोठ्या दुर्बिणीच्या मागं लागू नका. 10×50 ची (दहापट मोठं दाखवणारी, 50 मिमी भिंगाची) द्विनेत्री पुष्कळ झाली. कोपर कठड्यावर टेकवा, श्वास रोखा, गुरूचे चार चंद्र एका ओळीत दिसतात. दुसऱ्या रात्री पाहिलं तर जागा बदललेल्या. गॅलिलिओनं 1610 साली हेच पाहिलं, तेही आपल्यापेक्षा अंधुक. चाळकेवाडीच्या पठारावर अंधार झकास, पण वारा असा की तिपाई धरायला एक माणूस लागतो. आमच्यात ते काम मेव्हण्याकडं.
– दुर्बीणवाला

2020 च्या जुलैत निओवाईज धूमकेतू आला होता. सगळं जग फोटो टाकत होतं, आम्ही महाबळेश्वरात ढगात. पावसाळ्यात आमचा छंद म्हणजे दुर्बिणीची बुरशी पुसणे.
– ढगातला

हसू नका, २०२५च्या दिवाळीत पाहुण्यांना शनी दाखवला. कडी रेघेएवढी बारीक! दर पंधरा वर्षांनी ती आपल्याला कडेनं दिसते, हे समजावेपर्यंत पाहुणे चकलीकडं वळले.
– सांगलीकर

मिरजेच्या दंडोबा डोंगरावरून मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला त्रिशंकू तारकासमूह दिसतो. क्षितिजाला लागून असतो, आकाश स्वच्छ पाहिजे. दिल्लीच्या मित्राला सांगितलं, तर म्हणे थापा मारतोस. त्याच्याकडं तो जेमतेम क्षितिज गाठतो, धुरात कुठला दिसायला! आमच्या द्राक्षबागेतून पण बघितलाय मी, औषध मारून झाल्यावर.
– तासगावकर

मग मिथुनेच्या उल्कावर्षावाला कोण कोण? 13-14 डिसेंबरची रात्र. कासकडं जावं का?
– गच्चीवाली

आमच्या रानात या सगळी. खर्डा-भाकरी माझ्याकडं. फक्त चप्पल नको, बूट घाला. विंचूकाटा असतो.
– कराडकडचा

डिसेंबरात वरचा विंचू (वृश्चिक रास) सूर्याबरोबर मावळतो, मग खालचाच बघायचा 😂
– दुर्बीणवाला