शब्दचर्चा: 'हलकी युद्धनौका' आणि कप्तान

टिपणवही
पहिल्या महायुद्धावरचा थोडा मजकूर एका स्मरणिकेसाठी मराठीत आणते आहे. त्यात एम्डन या जर्मन जहाजाबद्दल एक परिच्छेद आहे, सप्टेंबर १९१४ मध्ये मद्रासवर तोफा डागणारं तेच. पहिल्या वाक्यालाच घोडं अडलंय. माझं वाक्य असं: 'कप्तान फॉन म्युलर यांची हलकी युद्धनौका एम्डन विनाशिकांना चकवत फिरली आणि अखेर कोकोस बेटांपाशी बुडाली.' 'हलकी युद्धनौका' वाचून कागदाची होडी डोळ्यांपुढे येते. लाइट क्रूझरला नेमकं काय म्हणतात? आणि कप्तान चालेल ना?

खाडीपलीकडे
'हलकी' आधी काढा. मराठीत कापड हलकं, काम हलकं, कानही हलका. कुठेच ते कौतुक नाही. खुद्द जर्मन आरमार या वर्गाला 'छोटी क्रूझर' म्हणायचं. आयतं मिळतंय तर तेच घ्या.

'युद्धनौका' हा मात्र मोठा घोटाळा आहे. तो सगळ्या जातीला मिळून असलेला शब्द आहे, पण वर्तमानपत्रं बॅटलशिपलाही तोच लावतात. एम्डन साधारण ३,६०० टनांची, तिच्यावर ४.१ इंची दहा तोफा. ब्रिटनची ड्रेडनॉट ही बॅटलशिप, १९०६ साली पाण्यात उतरलेली, तिच्यावर तोफा दहाच पण १२ इंची, आणि वजन एम्डनच्या पाचपट. दोघींना 'युद्धनौका' म्हणणं म्हणजे मांजर आणि वाघ दोघांनाही 'प्राणी' म्हणून मोकळं होणं.

दुपारची झोप
ड्रेडनॉटचा अर्थ 'भय नाही' ना? मग 'निर्भया' करा की.

खाडीपलीकडे
नको. ते एका जहाजाचं नाव होतं. तिच्या तोफा आणि टर्बाइनची इंजिनं पाहून बाकीच्या आरमारांनी तशाच नौका बांधायला घेतल्या आणि तिचं नाव अख्ख्या वर्गाला चिकटलं. विशेषनामाचं सामान्यनाम झालं. अशा नावाचं भाषांतर केलं की तो इतिहास पुसला जातो.

टिपणवही
मग क्रूझर तसंच ठेवू? संपादक म्हणतात 'गस्ती नौका' करा.

खाडीपलीकडे
गस्ती नौका म्हटलं की मला बंदराबाहेर फिरणारी कस्टमची लाँच दिसते. क्रूझरचं काम वेगळं होतं. तळापासून हजारो मैल दूर, महिनोन् महिने, बरेचदा एकटीनं राहायचं आणि व्यापारी मार्ग राखायचे किंवा लुटायचे. एम्डनचा तळ चीनच्या किनाऱ्यावर त्सिंगतावला, आणि तिची शिकार बंगालच्या उपसागरात आणि अरबी समुद्रात.

शिवाय हा शब्द वाटतो तितका परका नाही. तो डचांकडून आला आहे. 'क्रूस' म्हणजे फुली, त्यावरून समुद्र आडवातिडवा कापत फिरणं, आणि तसं फिरणारी ती क्रूझर. वसईला चर्चपुढे जो क्रूस दिसतो तो पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला, पण मूळ लॅटिन शब्द एकच. ही लांबची बहीण आहे, राहू द्या तिला घरात.

दर्यावर्दी
माझी तक्रार 'विनाशिके'बद्दल, म्हणजे डिस्ट्रॉयरबद्दल. कसला विनाश? मूळ नाव होतं 'टॉर्पेडो बोटींचा नाश करणारी'. १९ व्या शतकाच्या अखेरीस पाणतीर सोडणाऱ्या चपळ छोट्या बोटी मोठ्या जहाजांना भारी पडू लागल्या, म्हणून त्यांच्यावर सोडायला ही जात निघाली. पुढे नावातलं कर्म गळून पडलं आणि नुसतं क्रियापद राहिलं. आपण त्या उरलेल्या अर्ध्याचं भाषांतर केलं आणि भलताच भीषण शब्द हाती आला. शब्द रुळलाय, बदलू नका. पण वाचकाला विनाशिका क्रूझरपेक्षा मोठी वाटते, ती प्रत्यक्षात लहान असायची.

दुसरं, तुमच्या वाक्यातली माहितीच चुकली आहे. एम्डनच्या मागावर मुख्यतः क्रूझर होत्या. २८ ऑक्टोबर १९१४ ला ती पहाटे पेनांगच्या बंदरात शिरली तेव्हा तिनं झेमचुग ही रशियन क्रूझर बुडवली आणि बाहेर पडताना मुस्के ही फ्रेंच विनाशिकाही. विनाशिकांना चकवलं कुठलं, हाती लागलेली बुडवली. आत शिरताना तीन खऱ्या धुराड्यांना चौथं खोटं जोडलं होतं, लांबून इंग्रजांची क्रूझर वाटावी म्हणून.

चेन्नईतला
या धाग्यावर माझं येणं भाग आहे. इथे तमिळमध्ये 'एम्डन' हा शब्द आहे! तीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी आलो तेव्हा शेजारच्या पाटी (म्हणजे आजी) आपल्या नातवाला म्हणायच्या, 'अवन ओरु एम्डन'. मला वाटलं यमाशी काही संबंध असेल. अर्थ विचारला तर हसून म्हणाल्या, पोरगा पक्का आहे, डोळ्यांदेखत गायब होतो आणि हाती लागत नाही.

२२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री जहाज दिवे मालवून आलं, अर्ध्या तासात सव्वाशेच्या आसपास गोळे टाकले, बर्मा ऑइल कंपनीच्या तेलाच्या टाक्या पेटवल्या आणि अंधारात निघून गेलं. कित्येक लोक शहर सोडून पळाले. हायकोर्टाच्या कुंपणाच्या भिंतीवर त्या माऱ्याची पाटी आहे, कामावर जाताना रोज दिसायची. गंमत अशी की ज्या जहाजानं घाबरवलं त्याचं नाव लोकांनी शिवी म्हणून घेतलं नाही. एम्डन म्हणताना आवाजात निम्मं कौतुक असतं. मलयाळममध्ये 'एमंडन' म्हणजे अवाढव्य. तोही इथूनच आला असं तिकडचे मित्र सांगतात, पण ती व्युत्पत्ती मी माझ्या नावावर खपवणार नाही.

दुपारची झोप
मराठीत जवळचा शब्द 'बिलंदर'.

चेन्नईतला
अगदी! फक्त बिलंदर जरा फसवतोही. एम्डन निसटतो.

दर्यावर्दी
बिलंदर तर बिलंदर, पण म्युलर सभ्य होता हे कुठेतरी येऊ द्या. व्यापारी जहाज बुडवण्याआधी तो माणसं उतरवून घ्यायचा आणि नंतर त्यांना दुसऱ्या जहाजावरून सोडून द्यायचा. त्या काळी शत्रूच्या इंग्रजी पत्रांनीही त्याची तारीफ केली होती.

टिपणवही
कप्तानाचं राहिलंच. संपादक म्हणतात कॅप्टन करा, आधुनिक वाटतं.

दर्यावर्दी
आणि चुकीचंही होईल. कॅप्टन हा हुद्दा आहे. त्यातही फौजेतला कॅप्टन तरुण अधिकारी, नौदलातला कॅप्टन थेट कर्नलच्या बरोबरीचा. म्युलरचा हुद्दा होता फ्रेगाटनकापितेन, म्हणजे साधारण आपल्या कमांडरच्या जोडीचा. त्याचा दुय्यम फॉन म्युके हा कापितेनलॉयटनंट. शब्दात कापितेन आहे, पण हुद्दा लेफ्टनंटच्या आसपासचा. त्यांच्याशी लढलेल्या सिडनी या ऑस्ट्रेलियन क्रूझरवरचा ग्लॉसॉप मात्र हुद्द्यानंही कॅप्टन. तिघांनाही 'कॅप्टन' लिहिलंत तर बोजवारा.

दुपारची झोप
तिघांनाही सरखेल करा, भांडण मिटेल. 😄

खाडीपलीकडे
सरखेल अख्ख्या आरमाराचा. कान्होजी आंग्र्यांचा किताब एका जहाजाच्या माणसाला देऊ नका. आणि त्याचं मूळ फारसीतलं, घोडेस्वारांच्या टोळीच्या म्होरक्याचं. आपल्या दर्याच्या शब्दांत जमिनीवरचे आणि परदेशातले पुष्कळ निघतात. खुद्द 'आरमार' पोर्तुगीज आर्मादाचं. उलट इंग्रजांचा अॅडमिरल अरबी 'अमीर'चा, आपल्या अमीर-उमरावांतला.

बंदररोड
पहिल्यांदाच लिहितोय. आमचे आजोबा रत्नागिरीकडचे, आगबोटीवर तांडेल होते. त्यांच्या बोलण्यात खलाशी, सुकाणी, तांडेल, सारंग अशी चढण असायची. इंजिनाकडचे ते आगवाले. आणि सगळ्यांच्या वर कप्तान. त्या गोऱ्या साहेबाच्या बाहीवर पट्टे किती हे आजोबांना ठाऊक नव्हतं आणि गरजही नव्हती. ज्याच्या शब्दावर बोट वळते तो कप्तान. म्हणून मला तरी कप्तान हे कामाचं नाव वाटतं, हुद्द्याचं नाही.

दर्यावर्दी
हे पटलं. एम्डनचा कप्तान, हुद्दा फ्रेगाटनकापितेन. एकदा सांगा आणि पुढे कप्तानच ठेवा.

टिपणवही
आता लिंग. जहाज बुडालं, नौका बुडाली. नुसतं 'एम्डन' असेल तर?

खाडीपलीकडे
आपल्याकडे बोट स्त्रीलिंगी म्हणून टायटॅनिक बुडाली. विक्रांत हे नाव पुल्लिंगी असूनही नौदलात 'दाखल झाली'. जर्मन लोकही जहाजाच्या नावामागे स्त्रीलिंगी उपपद लावतात. एम्डन 'ती'च.

टिपणवही
सगळ्यांचे आभार. नवं वाक्य: 'कप्तान फॉन म्युलर यांची एम्डन ही छोटी जर्मन क्रूझर दोनेक महिने शत्रूच्या क्रूझरना चकवत फिरली आणि ९ नोव्हेंबर १९१४ रोजी कोकोस बेटांपाशी बुडाली.'

दर्यावर्दी
थांबा, बुडाली नाही. सिडनीच्या सहा इंची तोफांचा पल्ला लांबचा, त्यांनी तिची चाळण केली. ती बुडणार असं दिसल्यावर म्युलरनं तिला नॉर्थ कीलिंग बेटाच्या प्रवाळावर चढवलं. उरलेली माणसं त्यामुळे वाचली. कोकोसवरचं तारेच्या संदेशांचं केबल स्टेशन मोडायला उतरलेला म्युके आणि त्याचे पन्नासेक लोक तर मागेच राहिले आणि आयेशा नावाचं शिडाचं गलबत घेऊन पसार झाले.

टिपणवही
मग 'खडकाला लागली'?

बंदररोड
लागली म्हणजे चुकून. आजोबा असते तर म्हणाले असते, कप्तानानं बोट खडकावर घातली.

टिपणवही
'घातली' घेतलं.