नवे प्रशिक्षक, पहिला हंगाम : मागून चेंडू खेळवत नेण्याचा हट्ट चुकला का?

जुना राइट बॅक (बेळगाव) :

नमस्कार. मी बेळगावातील एका महाविद्यालयाचा माजी खेळाडू आहे. गेली चार वर्षे संघाचे किट मोजून घेणे, जखमी मुलासोबत दवाखान्यात जाणे आणि सामन्यांची वही लिहिणे ही कामे मी हौसेने करतो. महाविद्यालयाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढच्या आठवड्यात आमच्या क्रीडा समितीची बैठक असून तिच्यापुढे एकच विषय आहे : यंदा आलेल्या मुख्य प्रशिक्षकांना दुसरा हंगाम द्यायचा की नाही. बैठकीत मलाही बोलायला सांगितले आहे आणि खरे सांगायचे तर माझेच मत अजून ठरलेले नाही.

आधीच्या प्रशिक्षकांची पद्धत सरळ होती. गोलरक्षकाने चेंडू लांब मारायचा, आघाडीच्या उंच मुलाने तो डोक्याने खाली उतरवायचा आणि बाजूच्या दोघांनी त्यावर तुटून पडायचे. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडच्या मैदानांवर तांबड्या चिखलात घोट्यापर्यंत पाय रुततो. त्या दिवसांत या पद्धतीने आम्हाला बरेच सामने मिळवून दिले. गेल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आम्ही उपांत्य फेरी गाठली होती.

नवे प्रशिक्षक सैन्यातून निवृत्त झालेले आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रामुळे आपल्या गावाला 'उस्ताद' (सैन्यात शिकवणारा) हा शब्द नवा नाही, आणि मुलेही त्यांना सर न म्हणता उस्तादच म्हणतात. पहिल्या दिवशी त्यांनी खेळाविषयी अवाक्षर काढले नाही. खिशातून हवा मोजण्याचे यंत्र काढून त्यांनी आमचे आठही चेंडू एकेक करून तपासले आणि सायकलच्या दुकानातून दगडासारखे टणक भरून आणलेल्या त्या चेंडूंतील हवा थोडी थोडी सोडली. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी भाषेचा विषय घेतला. आमच्या संघात मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारी मुले आहेत, दोघे घरी कोकणी बोलतात. त्यामुळे पाठीवर प्रतिस्पर्धी आल्याची सूचना मैदानावर चार तऱ्हांनी दिली जायची आणि ज्याच्यासाठी ती असायची त्याला उमजेपर्यंत चेंडू गेलेला असायचा. उस्तादांनी सर्वांत तुटक शब्द निवडले. पाठीवर माणूस असेल तर कन्नडमधला 'हिंदे', मोकळीक असेल तर मराठीतला 'वळ', चेंडू सोडून द्यायचा असेल तर पुन्हा कन्नडमधला 'बिडु'. या तीन शब्दांवाचून दुसरे काही ओरडायचे नाही, असा नियम झाला. पंधरा दिवसांत मुलांच्या तोंडी ते इतके बसले की वर्गातही कोणी मागून आले की 'हिंदे' ऐकू येऊ लागले.

इथपर्यंत सगळे खूश होते. तक्रार सुरू झाली ती गोलकिकवरून, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने चेंडू आपल्या गोलरेषेबाहेर घालवल्यावर गोलजवळून मारायच्या किकवरून. उस्तादांनी लांब किक जवळजवळ बंद केली. दोन्ही स्टॉपर (बचावफळीच्या मधले दोघे) पेनल्टी क्षेत्रातच, म्हणजे गोलसमोरच्या मोठ्या चौकटीतच, उभे राहतात, गोलरक्षक त्यांच्याकडे छोटा पास देतो आणि तिथून चेंडू पायापायाने पुढे नेला जातो. ऑगस्टमधल्या एका सामन्यात असाच दिलेला पास डबक्यात अडकून जागीच थांबला, समोरच्या आघाडीवीराने तो सहज उचलला आणि गोल झाला. त्याच सामन्यात पुन्हा तसेच घडले. कुंपणाच्या भिंतीवर बसलेली मंडळी 'अरे, मार की वर!' म्हणून ओरडत राहिली, आणि तेव्हापासून आमच्याकडचे प्रत्येक अपयश त्या डबक्याच्या खात्यावर जमा होत आले आहे.

हंगामाचा हिशेब असा : ११ सामने, ४ विजय, २ बरोबरी, ५ पराभव, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत दुसऱ्याच फेरीत बाहेर. पदवीच्या तीन वर्षांत मुले येतात आणि जातात. त्यांच्यावर प्रयोग करत बसणे योग्य आहे का? जाणकारांनी मत द्यावे.

कॅम्पातला :

माझे मत स्पष्ट आहे. ज्या मैदानावर चेंडू सरळ घरंगळत नाही, त्या मैदानावर तो घरंगळवण्याचा आग्रह धरणे हा हट्टच होय. टीव्हीवर परदेशी क्लब जे खेळतात ते गालिच्यासारख्या हिरवळीवर खेळतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर चेंडू हवेतूनच गेला पाहिजे. शब्दांचे आणि हवेचे प्रकरण मला मनापासून आवडले, पण पाच पराभव ते पाच पराभवच. समितीने त्यांना विचारायला हवे.

निपाणीकर (निवृत्त शारीरिक शिक्षण संचालक) :

राइट बॅक साहेब, आपण प्रश्न नीट मांडला आहे, पण त्यातली एक गोष्ट मला खटकली. आपण चार वर्षे वही लिहिता आणि तरीही निवाडा आठवणीवर करता आहात. मैदानावरच्या माणसाच्या लक्षात राहतो तो डबक्यात थांबलेला चेंडू, कारण तो चूक म्हणून उघड दिसतो; कॉर्नरवर कोणीही न अडवलेला माणूस डोक्याने गोल करून जातो तेव्हा मात्र आपण 'चांगला हेडर होता' म्हणून टाळी वाजवून मोकळे होतो. आपल्या वहीतून या हंगामात झालेला प्रत्येक गोल काढा. तो कितव्या मिनिटाला झाला आणि त्याआधी चेंडू कोणाकडून, कुठे गेला, एवढेच दोन रकाने भरा, आणि मग इथे येऊन सांगा. तोवर मी निकाल देणार नाही. तरीही दोन-तीन गोष्टी बोलल्यावाचून राहवत नाही.

पहिली गोष्ट नियमाची. २०१९ पूर्वी गोलकिकचा चेंडू पेनल्टी क्षेत्राबाहेर गेल्याशिवाय खेळात आला असे धरत नसत, त्यामुळे जवळच्या स्टॉपरला पास देण्यात फारसा अर्थ नव्हता. त्या वर्षी नियम बदलला. आता किक मारून चेंडू हलला की तो खेळात येतो, आपला खेळाडू तो पेनल्टी क्षेत्रातच घेऊ शकतो आणि प्रतिस्पर्ध्यांना मात्र किक होईपर्यंत त्या क्षेत्राबाहेर थांबावे लागते. म्हणजे समोरचा धावत येईपर्यंत आपल्या स्टॉपरला मान वर करून बघण्याइतका वेळ नियमानेच दिलेला आहे. आपले उस्ताद तो वेळ वापरू पाहत आहेत. त्यात खूळ काही नाही. नियमाने डबके वाळत नाही हे मात्र कॅम्पातले म्हणतात ते खरे, आणि पावसाच्या दिवसासाठी दुसरी रीत शिकवून ठेवली नाही हा उस्तादांचा दोष मी मान्य करतो.

दुसरी गोष्ट मुलांच्या पुढच्या वाटेची. आपले राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० साली झाले. माझ्या वेळी आपण सारे धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडून खेळत असू. विद्यापीठ बदलले तरी विभाग बदललेला नाही. निपाणीपासून तासाभराच्या अंतरावरचे कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आंतरविद्यापीठ स्पर्धेत पश्चिम विभागात खेळते आणि आपण दक्षिण विभागात. म्हणजे आपल्या निवडलेल्या मुलांची गाठ केरळच्या संघांशी पडते. केरळच्या कालिकत विद्यापीठाने आंतरविद्यापीठ फुटबॉलचा आशुतोष मुखर्जी करंडक अनेकदा जिंकलेला आहे. त्यांच्यासमोर उंच किक मारली की चेंडू दहा सेकंदांत परत आपल्याच गोलजाळीसमोर येतो, हे मी संघाचा व्यवस्थापक म्हणून बाकावर बसून पाहिले आहे. आपल्या गोलकडे तोंड असताना चेंडू घेऊन वळणे ज्या स्टॉपरला जमत नाही, त्याचे नाव विद्यापीठाच्या निवड चाचणीत दुपारपर्यंतही टिकत नाही.

तिसरे असे की महाविद्यालयीन संघातून दर वर्षी एक तृतीयांश मुले निघून जातात. मागून बांधणी करण्याची सवय लागायला जो काळ लागतो, तो एका हंगामात मावत नाही. म्हणून नव्या प्रशिक्षकाकडे पाहताना मी गुणतक्त्याआधी दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडे पाहतो. जूनमध्ये चेंडू आल्यावर घाबरणारा मुलगा डिसेंबरमध्ये मान वर करून खेळतो का? आपला आहे का असा कोणी?

(कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठांच्या सामन्यांत भिंतीवरची मंडळी याहून वाईट शब्दांत ओरडतात. तेव्हा 'मार की वर' फार मनावर घेऊ नये.)

खानापूरची आई :

मला फुटबॉलमधले फारसे कळत नाही, पण माझा मुलगा अशाच एका महाविद्यालयीन संघात खेळतो, म्हणून लिहिते. खानापूरहून बेळगाव सुमारे २६ किलोमीटर आहे. मुलगा सकाळी साडेसहाला घर सोडतो, अकराच्या सुटीत डब्यातली भाकरी-भाजी खातो, आणि साडेचारला सराव सुरू होतो तेव्हा पोटात काही नसते. सराव साडेसहाला संपला की गर्दीच्या बसमध्ये उभ्याने येतो. घरी पोहोचायला साडेआठ होतात. सामन्यात शेवटी शेवटी त्याच्या पोटरीत गोळे येतात. त्याला प्रेक्षक 'दम नाही' म्हणतात, तेव्हा मला त्यांना डबा दाखवावासा वाटतो.

आणखी एक. रविवारी गावोगावी बक्षिसाच्या रकमेच्या, सात-सात जणांच्या स्पर्धा असतात. तिथे खेळताना याचा घोटा मुरगळला आणि त्याने तो संघापासून लपवला. त्याच्या प्रशिक्षकांनी सराव सुरू होण्यापूर्वी नुसते एका पायावर उभे राहायला लावले आणि ओळखले. दोन सामने बसवले. तेव्हा मला त्यांचा राग आला होता, कारण त्यातल्या एका सामन्याला त्याचे आजोबा मुद्दाम येणार होते. आता राग नाही.

निपाणीकर :

ताई, एका पायावर उभे करण्याची ती पद्धत 'फिफा ११ प्लस' या सरावातही येते. पंधरा व्यायामांचा आणि साधारण वीस मिनिटांचा तो क्रम आहे. आठवड्यातून दोनदा नेमाने केला तर घोट्याच्या आणि गुडघ्याच्या दुखापती कमी होतात, याला चांगला आधार आहे. आपल्याकडे मैदान तासाभरासाठीच मिळते, त्यामुळे त्यातली वीस मिनिटे व्यायामाला द्यायला प्रशिक्षकांच्या जिवावर येते. जो देतो तो सहसा दूरचे बघणारा असतो.

जुना राइट बॅक (बेळगाव) :

उत्तर द्यायला तीन दिवस लागले, कारण निपाणीकर सरांनी सांगितलेले काम वाटले त्यापेक्षा किचकट निघाले. माझ्या वहीत बऱ्याच ठिकाणी 'ढिसाळ बचाव' एवढेच लिहिलेले होते. मग दोन्ही स्टॉपर आणि गोलरक्षक यांना घरी बोलावून, चहा पाजून, एकेक गोल आठवून घ्यावा लागला.

या हंगामात आमच्यावर १६ गोल झाले. मागून खेळवताना चेंडू गमावल्यामुळे झालेले गोल ३. होय, तीनच; आणि त्यातले दोन ऑगस्टमधल्या त्या एकाच सामन्यातले. कॉर्नर आणि लांब थ्रो-इनवरून झालेले ६. उरलेले सात मधल्या फळीच्या मागे पडलेल्या जागेतून आले. आता दुसरा रकाना : १६ पैकी ७ गोल शेवटच्या पंधरा मिनिटांतले आहेत. ताईंचा डबा मला तिथे दिसला. आमच्या पहिल्या अकरा जणांत पाच मुले खानापूर आणि नंदगडकडची आहेत, आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत बदली मागणारी तीच असतात.

हे पान मी काल उस्तादांना दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी माझ्याकडून पेन्सिल घेऊन कॉर्नरच्या सहा गोलांभोवती वर्तुळ काढले आणि ही चूक आपली आहे असे सांगितले. झाले होते असे : आधीच्या प्रशिक्षकांच्या वेळी कॉर्नरला प्रत्येकाने आपापला माणूस धरायचा, ही पद्धत होती, उस्तादांनी हंगामाच्या मध्येच ती बदलून प्रत्येकाला जागा वाटून दिली, पण सरावाचा वेळ सारा गोलकिकवर गेला आणि नव्या पद्धतीची तालीम दोनदाच झाली. सहापैकी पाच गोल त्या बदलानंतरचे आहेत. आम्ही कोणीच हे पाहिले नव्हते. सगळे डबक्याकडेच बघत बसलो होतो.

निपाणीकर सरांच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर : आहे. आमचा डावा स्टॉपर दुसऱ्या वर्षाला आहे. जूनमध्ये चेंडू आला की तो डोळे मिटल्यासारखा करून टोलवायचा. शेवटच्या सामन्यात, आम्ही एका गोलने मागे असताना, त्याने पेनल्टी क्षेत्राच्या कडेला चेंडू घेतला, मागून 'हिंदे' ऐकल्यावर तो अडवून धरला, अंगावर आलेल्याला चुकवून वळला आणि मधल्या फळीत पास दिला. तो सामना आम्ही हरलोच. पण भिंतीवरून त्या वेळी कोणी ओरडले नाही.

कॅम्पातला :

सोळापैकी तीन हा आकडा मला अपेक्षित नव्हता, हे कबूल करतो. तरीही पावसात लांब किक, हे माझे म्हणणे कायम आहे.

जुना राइट बॅक (बेळगाव) :

ते मी मागण्यांत लिहून घेतले आहे. मैदानात पाणी साचले असेल तर गोलकिक लांब मारायची आणि मधल्या फळीतले दोन्ही बाजूंचे हाफ आधीच पुढे सरकलेले असतील, ही दुसरी रीत जूनपासूनच शिकवायला उस्ताद तयार आहेत. याशिवाय सराव साडेचारऐवजी चारला सुरू करावा, त्याआधी मुलांना उकडलेले चणे आणि दोन केळी मिळावीत, आणि आठवड्यातला एक पूर्ण दिवस कॉर्नरसाठी ठेवावा, एवढे समितीकडे मागणार आहे. चण्यांच्या खर्चावरून वाद होईल असा माझा अंदाज आहे, प्रशिक्षकांवरून कदाचित होणार नाही. बैठक गुरुवारी आहे. वहीच्या त्या पानाच्या नऊ झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत.